खरेदीखतास टाळाटाळ : घर घेणाऱ्याने काय करावे?

स्वतःच्या मालकीचे घर असावे, ही प्रत्येक कुटुंबाची स्वाभाविक आकांक्षा असते. नोकरदार माणूस भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढतो, शेतकरी दोन हंगामांची शिल्लक बाजूला ठेवतो, गृहिणी अंगावरचे दागिने मोडावयास तयार होते आणि मग घराचा सौदा ठरतो. इसार दिला जातो, पेढे वाटले जातात. परंतु पुष्कळदा खरी अडचण यानंतरच उभी राहते. खरेदीखताची तारीख जवळ आली की विक्रेता भेटेनासा होतो. 'कागद शोधतो आहे', 'मुलगा गावी आल्यावर पाहू', 'भाव वाढला आहे, थोडे वाढवून द्या', अशी उत्तरे मिळू लागतात. घर हाती येत नाही आणि दिलेली रक्कमही अडकून पडते.

अशा वेळी खरेदीदार बहुधा दोन चुका करतो. एक तर तो विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून वर्षानुवर्षे स्वस्थ बसतो, किंवा रागाच्या भरात पोलीस ठाण्याची पायरी चढतो. या दोन्हींच्या मधला, कायद्याने आखून दिलेला मार्ग कोणता, त्याची माहिती करून देण्याचा या लेखाचा उद्देश आहे. गावोगावी लोक सल्ल्यासाठी प्रथम येतात ते शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्याकडेच. म्हणून या मंडळींना हा विषय ठाऊक असणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण

विवेचन सुलभ व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या एका प्राथमिक शिक्षकाने गावठाणातील एक जुने घर २४ लाख रुपयांस घेण्याचे ठरविले. २ लाख रुपये इसार दिला. चार महिन्यांत खरेदीखत करावयाचे ठरले. बँकेने १५ लाखांचे कर्ज मंजूर केले. उरलेली रक्कम गुरुजींनी जमविली. घर विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांचे होते आणि मिळकत पत्रिकेवर एकट्या विक्रेत्याचे नाव होते. तीन महिने उलटले आणि विक्रेत्याने टाळाटाळ सुरू केली. कर्जमंजुरीची मुदत संपत आली. भाड्याचे घर सोडण्याची तारीखही घरमालकास कळवून झाली होती. आता गुरुजींनी काय करावे?

साठेखत म्हणजे मालकी नव्हे

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ अन्वये शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घराची मालकी केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच दुसऱ्याकडे जाते. विक्रीचा करार, ज्यास आपण साठेखत किंवा इसारपावती म्हणतो, त्यामुळे घरात कोणताही मालकी हक्क निर्माण होत नाही. मात्र खरेदीखत करून मागण्याचा हक्क त्याने मिळतो. खरेदीदाराची पुढील सारी इमारत या एका हक्काच्या पायावर उभी असते.

म्हणूनच नोटरीपुढे केलेला कागद किंवा कुलमुखत्यारपत्र घेऊन 'घर झाले' असे समजणे धोक्याचे आहे. कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार व मृत्युपत्र असे कागद एकत्र करून केलेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प या प्रकरणात दिला आहे.

साठेखत योग्य मुद्रांकावर करून ते नोंदवून घेणे केव्हाही हिताचे होय. घराचा ताबा साठेखताच्या वेळीच घ्यावयाचा असेल तर नोंदणी विशेष महत्त्वाची ठरते. कारण २००१ च्या सुधारणेनंतर, नोंदणी नसलेल्या करारावर घेतलेल्या ताब्यास कलम ५३अ चे संरक्षण मिळत नाही. नोंदणी न झालेले साठेखत अगदीच निरुपयोगी असते असे मात्र नाही. कराराची पूर्तता मागणाऱ्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून ते दाखविता येते. पण मुद्रांक अपुरा असेल तर आधी फरकाची रक्कम व दंड भरावा लागतो.

विक्रेत्याची कर्तव्ये कोणती?

विक्रेता सौदा ठरविल्यानंतर आपल्या मर्जीप्रमाणे वागू शकतो, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. करारात वेगळे काही ठरले नसेल तर वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम ५५ ने त्याच्यावर निश्चित कर्तव्ये टाकली आहेत. घरातील किंवा मालकीतील जे महत्त्वाचे दोष खरेदीदारास साध्या चौकशीने कळू शकत नाहीत, ते त्याने आपण होऊन सांगितले पाहिजेत. मालकीचे कागद मागताच तपासावयास दिले पाहिजेत. मालकीविषयी विचारलेल्या प्रश्नांची, आपल्या माहितीप्रमाणे, उत्तरे दिली पाहिजेत. ठरलेली किंमत योग्य वेळी व योग्य स्थळी देऊ केली असता त्याने खरेदीखत करून दिले पाहिजे. विक्रीच्या दिनांकापर्यंतची घरपट्टी व अन्य सरकारी देणी त्यानेच चुकती करावयाची असतात. सौदा ठरल्यापासून ताबा देईपर्यंत, सुज्ञ मालक सांभाळील तसे ते घर सांभाळण्याची जबाबदारीही त्याची असते.

खरेदीदाराने आगाऊ दिलेल्या रकमेलाही याच कलमाने आधार दिला आहे. खरेदीदाराने विनाकारण व्यवहार नाकारला नसेल तर, त्याने दिलेल्या रकमेचा बोजा विक्रेत्याच्या त्या घरातील हितसंबंधावर राहतो.

अडवणुकीचे मूळ शोधा

विक्रेता अडून बसला म्हणजे तो लबाडच आहे असे गृहीत धरू नये. अडवणुकीची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांवरील उपायही निरनिराळे असतात. म्हणून वकिलाच्या नोटिशीआधी एकदा समक्ष भेटून, शक्य तर एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस बरोबर घेऊन, खरे कारण जाणून घ्यावे.

काही वेळा विक्रेत्याला राहावयास दुसरी जागा मिळालेली नसते. अशा वेळी ठराविक मुदत वाढवून द्यावी, पण ती तोंडी नव्हे. पुरवणी करार करून त्यात नवी तारीख स्पष्ट लिहावी. काही वेळा घरावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असतो आणि तो फेडण्यास विक्रेत्याजवळ पैसे नसतात. अशा वेळी किमतीतील तेवढी रक्कम परस्पर त्या बँकेच्या नावे धनादेशाने देऊन बोजा उतरविण्याची व्यवस्था करता येते. घरात भाडेकरू असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालील भाडेकरू घरमालक बदलला म्हणून घर सोडण्यास बांधलेला नसतो. रिकामा ताबा हवा असेल तर तो देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर राहील असे करारातच लिहून घ्यावयास हवे.

सर्वांत मोठी अडचण असते ती वारसांची. आपल्या उदाहरणातील गुरुजींनी भेट घेतली तेव्हा खरे कारण बाहेर आले. विक्रेत्याला एक विवाहित बहीण होती आणि तिने सही देण्यास नकार दिला होता. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालकीचे होते व ते मृत्युपत्र न करता वारले होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये अशा वडिलांच्या मिळकतीत मुलगी ही मुलाप्रमाणेच पहिल्या वर्गाची वारस असते. राहत्या घराची वाटणी मागण्यावर स्त्री वारसांस पूर्वी असलेले निर्बंध २००५ च्या सुधारणेने काढून टाकण्यात आले. याच सुधारणेने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलीस जन्मतः सहदायादाचा हक्क दिला. भावाचे एकट्याचे नाव मिळकत पत्रिकेवर लागले म्हणून बहिणीचा हिस्सा नाहीसा होत नाही.

हे न पाहता गुरुजींनी एकट्या भावाकडून खरेदी केली असती तर त्यांना फार तर भावाचा हिस्सा मिळाला असता. शिवाय एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसास कुटुंबीयांसमवेत संयुक्त ताबा मागता येत नाही, असे कलम ४४ सांगते. म्हणजे चोवीस लाख देऊनही वाटणीचा दावा लावण्याची पाळी आली असती. विक्रेत्याची टाळाटाळ येथे एका अर्थी खरेदीदाराच्या हिताचीच ठरली. बहिणीची संमती असल्यास तिने साठेखतावरच सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. वारसांत अज्ञान मूल असेल तर विशेष सावध राहावे. अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकास न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही.

आपली तयारी कागदावर आणा

कारण कळूनही विक्रेता दाद देत नसेल, किंवा केवळ भाव वाढला म्हणून तो अडून बसला असेल, तर पुढील पावले उचलावीत. पहिले पाऊल नोटिशीचे. वकिलामार्फत, पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवावी. तीत कराराची तारीख, दिलेली रक्कम, बाकी रक्कम देण्याची तयारी आणि खरेदीखतासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहण्याचा दिवस व वेळ स्पष्टपणे नमूद करावी. त्या दिवशी खरेदीदाराने स्वतः कार्यालयात हजर राहावे आणि आपण आल्याचा काही लेखी पुरावा ठेवावा.

या तयारीला इतके महत्त्व का? विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६ नुसार खरेदीदाराने आपला करारातील भाग पार पाडण्यास आपण सदैव तयार व राजी होतो हे सिद्ध करावे लागते. 'तयार' म्हणजे पैशाची जुळवाजुळव असलेला आणि 'राजी' म्हणजे व्यवहार पूर्ण करण्याची मनापासून इच्छा असलेला. बँकेचे कर्जमंजुरीपत्र, पासबुकातील शिल्लक, नोटीस व तिची पोच हे त्याचे पुरावे होत. रक्कम रोख दिली व पावती घेतली नाही, तर खरे बोलूनही माणूस न्यायालयात लंगडा पडतो.

वेळेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. स्थावर मिळकतीच्या करारात मुदत ही सामान्यतः कराराचे सार मानली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९२ साली चांदराणी प्रकरणात सांगितले. परंतु याचा अर्थ खरेदीदाराने स्वस्थ बसावे असा नव्हे. मुदतीच्या अधिनियमाप्रमाणे, पूर्ततेसाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. तारीख ठरलेली नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे कळल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. 'आज करतो, उद्या करतो' या आश्वासनांत अनेकांची ही मुदत निघून गेली आहे.

'दुप्पट इसार' हा भ्रम

विक्रेत्याने सौदा मोडला तर त्याने दुप्पट इसार परत केला की तो मोकळा झाला, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. तीत दोन चुका आहेत. करारात तशी अट नसेल तर दुप्पट रक्कम आपोआप मिळत नाही. दिलेली रक्कम व सिद्ध होईल ती नुकसानभरपाई मागता येते. दुसरे असे की, करारभंगाबद्दल एखादी रक्कम करारात नमूद केलेली असली, तरी तेवढ्यामुळे खरेदीखत मागण्याचा हक्क बुडत नाही. ती रक्कम केवळ पूर्ततेच्या हमीसाठी लिहिलेली असेल आणि पैसे देऊन सुटण्याचा पर्याय विक्रेत्यास दिलेला नसेल, तर न्यायालय पूर्ततेचा हुकूम देऊ शकते.

न्यायालयाचा मार्ग

पूर्वी अशा दाव्यात कराराची पूर्तता करावयास लावणे न लावणे हे न्यायालयाच्या विवेकाधीन होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या सुधारणेने हे चित्र पालटले. कायद्यातील अटींच्या अधीन राहून, पूर्ततेचा हुकूम देणे हा आता नियम झाला आहे. दाव्यात केवळ खरेदीखत मागून थांबू नये. ताबाही स्पष्टपणे मागावा आणि पूर्तता नाकारली गेल्यास इसार परत मिळावा अशी पर्यायी मागणीही करावी. मागणी केलेली नसेल तर न्यायालय ती देत नाही. दावा लावताना राहिलीच, तर ती दुरुस्तीने घालण्याची परवानगी मागता येते.

दावा चालू असता विक्रेता तेच घर तिसऱ्यास विकील अशी भीती असेल तर तात्पुरत्या मनाई हुकुमासाठी अर्ज करावा आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. बृहन्मुंबईत तर अशी नोंदणी केल्याखेरीज प्रलंबित दाव्याचे तत्त्व नंतरच्या खरेदीदारास लागू होत नाही. आधीच्या कराराची माहिती असून ज्याने घर विकत घेतले, त्याच्याविरुद्धही पूर्ततेचा हुकूम मिळू शकतो. साठेखत नोंदविण्याचा आणखी एक लाभ येथे दिसून येतो.

हुकूम होऊनही विक्रेत्याने सही केली नाही तर? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३४ नुसार न्यायालय त्याच्या वतीने खरेदीखत करून देते. मात्र हुकुमात ठरवून दिलेल्या मुदतीत खरेदीदाराने उरलेली रक्कम भरली पाहिजे. न भरल्यास करार रद्द करून घेण्यासाठी विक्रेता त्याच न्यायालयात अर्ज करू शकतो.

सही केली, पण नोंदणीस येत नाही

कधी कधी विक्रेता खरेदीखतावर सही करतो आणि नोंदणीच्या दिवशी मात्र येत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये यावरही तरतूद आहे. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार ज्याच्या लाभात तो झाला आहे त्या खरेदीदारासही असतो. सहीच्या दिनांकापासून चार महिन्यांच्या आत तो सादर करावा. विलंब अपरिहार्य असेल तर दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते. सही करणाऱ्यास हजर राहण्यासाठी समन्स काढण्याची विनंती करता येते. त्याने सहीच नाकारली आणि दुय्यम निबंधकाने नोंदणी नाकारली, तर ३० दिवसांच्या आत निबंधकाकडे अर्ज करावा. निबंधकानेही नकार दिल्यास त्यापुढील ३० दिवसांत दिवाणी दावा लावता येतो. या मुदती अतिशय अल्प आहेत, हे विसरू नये.

फौजदारी तक्रार केव्हा?

केवळ करार मोडणे हा फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सौदा करतानाच फसविण्याचा हेतू असावा लागतो. दुसऱ्यास आधीच विकलेले घर पुन्हा विकावयास काढणे किंवा बनावट कागद दाखविणे, अशा प्रकारांत भारतीय न्याय संहिता, २०२३ खाली तक्रार करता येते. तथापि त्यामुळे दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही.

विक्रेता बांधकाम व्यावसायिक असेल तर

नव्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्यास आणखी काही साधने उपलब्ध आहेत. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणीकृत करार केल्याशिवाय प्रवर्तकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही. ठरल्याप्रमाणे ताबा न दिल्यास खरेदीदार प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह रक्कम परत मागू शकतो, किंवा सदनिका कायम ठेवून विलंबाचे व्याज मागू शकतो. त्यासाठी २०१७ पासून महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, कार्यरत आहे. गृहनिर्माण संस्था स्थापन होऊनही व्यावसायिक जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देत नसेल, तर राज्याच्या १९६३ च्या सदनिका अधिनियमात २००८ साली झालेल्या सुधारणेनुसार मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यावसायिकाच्या सहीवाचूनही संस्थेस मालकी मिळवून देणारी ही तरतूद आहे.

तडजोडीचे मोल

हे सर्व मार्ग खुले असले तरी दावा म्हणजे काळ आणि खर्च दोन्ही आले. म्हणून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील लोकअदालतीचा विचार अवश्य करावा. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखा बंधनकारक असतो, त्यावर अपील होत नाही आणि प्रलंबित दावा तेथे मिटल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कायद्याने ठरविलेल्या अन्य गटांतील लोकांस तालुका विधी सेवा समितीमार्फत विनामूल्य वकीलही मिळू शकतो.

आपल्या उदाहरणातील प्रश्नही तडजोडीने सुटण्यासारखाच होता. बहिणीचा विरोध घर विकण्याला नव्हता. विक्रीची वार्ता तिला परक्यांकडून कळली आणि तिच्या हिश्श्याचा शब्दही कोणी काढला नाही, हे तिचे दुःख होते. गुरुजींनी दोघांना एकत्र बसवावे, पुरवणी करार करून बहिणीस विक्रेती म्हणून सामील करून घ्यावे, दोघांच्या हिश्श्याचे धनादेश स्वतंत्रपणे ज्याच्या त्याच्या नावे द्यावेत आणि बँकेकडून मंजुरीची मुदत वाढवून घ्यावी, हा येथे योग्य मार्ग होय. यात घर गुरुजींना मिळते, बहिणीस तिचा हक्क मिळतो आणि भावाची मान मोकळी होते.

इसार देण्यापूर्वी

कोणताही उपाय शोधण्यापेक्षा आधीची सावधगिरी केव्हाही स्वस्त पडते. इसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. मिळकत पत्रिका अथवा सात-बारा, त्यावरील फेरफार आणि मालकीचे मूळ दस्त पाहावेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणात २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली मिळकत पत्रिका तयार झाली असल्यास ती मागावी.

२. वकिलाकडून मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात.

३. सर्व वारसांची नावे विचारून घ्यावीत आणि प्रत्येकाची सही साठेखतावरच घ्यावी.

४. करारात चतुःसीमा, किंमत, हप्ते, खरेदीखताची तारीख, ताबा, थकीत देणी आणि करारभंगाचे परिणाम स्पष्ट लिहावेत.

५. इसार बेताचा ठेवावा, तो बँकेमार्फतच द्यावा आणि मोठी रक्कम खरेदीखताच्या वेळीच द्यावी.

या कामी आपल्या वाचकांचा वाटा मोठा आहे. नोटरीच्या कागदावर घर हस्तांतरित झाल्याची नोंद घेण्याचा आग्रह ग्रामपंचायतीकडे धरला जातो. अशा वेळी सदस्यांनी नोंदणीकृत दस्ताची मागणी केली, तर पुढील पिढीतील किती तरी तंटे टळतील. शिक्षकांनी गावकऱ्यांस सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखविला, तर तीही मोठीच समाजसेवा ठरेल. घराचा सौदा विश्वासावर ठरतो हे खरे, परंतु तो विश्वास वेळीच कागदावर उतरला तर माणसांतील गोडवाही टिकून राहतो.